गुरुवारची सुनावणी

"आरोपीला गुन्हा कबूल आहे काय?"

"कबूल नाही," उदगीरहून शैलजाने उत्तर दिले, आणि सुनावणी सुरू झाली.

दर गुरुवारी 'उलटा पुरावा' या मालिकेचा भाग संपला, की लातूरचे निवृत्त सरकारी वकील उमाकांत बिराजदार आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावीत आणि पहिले वाक्य हेच उच्चारीत. खुशाली विचारायची नाही, हवापाण्याचे बोलायचे नाही, असा त्या दोघांचा न ठरवता ठरलेला नियम होता. मालिकेतल्या खटल्यात उमाकांत सरकार पक्षाचे काम चालवीत आणि गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली शैलजा आरोपीची बाजू लढवी. कोणता साक्षीदार खोटा, कोणता पुरावा पेरलेला, पुढच्या गुरुवारी कथा कुठे वळणार, यावर दोघे तास-तास भांडत. त्या वेळात दुसऱ्या कुणाचा फोन आला, तर उमाकांतांच्या पत्नी सुरेखाबाई स्वयंपाकघरातूनच सांगत, "साहेब कोर्टात आहेत. नंतर करा."

या खेळाचे मूळ औशाच्या भाड्याच्या घरात होते. रविवारी दूरदर्शनवर कोर्टाची मालिका लागे आणि न्यायाधीश निकालपत्र उघडीत, तोच गल्लीतली वीज जाई. आई कंदील शोधेपर्यंत अंधारात भावंडांची जुंपे. उमाकांत आरोपीला फासावर चढवायला निघत. शैलजा त्याला सोडवून आणी. वडील खाटेवरून आवाज लावीत, "आरोपीला गुन्हा कबूल आहे काय?" आणि शैलजा ओरडे, "कबूल नाही!" खरा निकाल दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतून कळे, कारण तिकडची वीज गेलेली नसे. पण तोवर दोघांचेही आपापले निकाल इतके पक्के झालेले असत, की खऱ्या निकालाने कुणाचेच समाधान होत नसे. उमाकांत पुढे वकील झाले ते त्या अंधारामुळे, असे ते सत्काराच्या भाषणात सांगत, आणि लोकांना तो विनोद वाटे.

संसार सुरू झाले तसा हा खेळ मागे पडला. राखीपौर्णिमा आणि पंचमी सोडली, तर भावंडांचे बोलणे निरोपांपुरते उरले. मग शैलजाचे यजमान गुरुनाथराव गेले. उमाकांत उदगीरला जाऊन राहिले. पण तिच्याशी काय बोलावे हे त्यांना सुचेना. जन्मभर बोलण्याची मिळकत खाल्लेला माणूस बहिणीच्या ओसरीवर नुसता बसून राहिला. परत आल्यावर एका गुरुवारी टीव्हीवर कुठलीशी कोर्टाची मालिका चालू असताना त्यांनी काही विचार न करता फोन उचलला आणि वडिलांच्या स्वरात विचारले, "आरोपीला गुन्हा कबूल आहे काय?"

पलीकडून घोगऱ्या आवाजात उत्तर आले, "कबूल नाही."

त्या दिवसापासून गुरुवार चुकला नव्हता. उमाकांतांजवळ बहिणीपर्यंत पोचण्याची दुसरी वाट नव्हती आणि ते त्यांना ठाऊक होते.

*

'वेध' घराघरांत आला तो साधारण याच सुमारास. साबणाच्या वडीएवढी ही डबी टीव्हीच्या माथ्यावर बसे. तिच्यातून अतिशय क्षीण रेडिओलहरी खोलीत पसरत आणि समोर बसलेल्या माणसाच्या छातीवरून परावर्तित होऊन परतत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर माणसाची छाती चार-दोन केसांच्या जाडीइतकी हलते, श्वासाबरोबर त्याहून पुष्कळ जास्त. परतणाऱ्या लहरींमध्ये या हालचालीमुळे जो सूक्ष्म फरक पडे, तो मोजून डबीला प्रेक्षकाची नाडी आणि श्वास अंगाला हात न लावता कळत. अमुक पात्र पडद्यावर आले की याचा श्वास अडखळतो, तमुक साक्षीदार बोलू लागला की ठोके मंदावतात, अशा नोंदींवरून यंत्र त्या माणसाच्या मनातल्या संशयाचा नकाशा तयार करी: मुनिमावर किती, चौकीदारावर किती, सुनेवर किती.

यामागचे शास्त्र जुनेच होते. आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज आणि वास्तव यांत अंतर पडले की तो खडबडून जागा होतो. हे अंतर फार कमी असेल तर माणूस कंटाळतो, फार जास्त असेल तर त्याला फसवल्यासारखे वाटते. पण त्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टा असतो. तिथे धक्का बसतो आणि दुसऱ्याच क्षणी मागचे सगळे दुवे जुळून माणूस स्वतःशी म्हणतो, 'अरे, हे तर डोळ्यांसमोर होतं!' रहस्यकथेची सगळी गोडी त्या पट्ट्यात असते. पूर्वी लेखकाला लक्षावधी अनोळखी माणसांसाठी तो पट्टा अंदाजाने हेरावा लागे. 'वेध' तो एकेका घरासाठी मोजून काढी. खून, आरोपी, न्यायालय एवढा कथेचा सांगाडा सर्वांना एकच. पुढची वळणे मात्र प्रत्येक घरात त्या घराच्या संशयानुसार रचली जात. नटांनी आपले चेहरे आणि आवाज कंपनीला कराराने दिलेले होते. प्रसंग जागच्या जागी तयार होत.

हे प्रकरण भावंडांच्या लक्षात आले ते भर सुनावणीत.

"चौकीदाराची साक्ष मोडीत काढल्याशिवाय तुझी आरोपी सुटत नाही," उमाकांत म्हणाले.

"कुठला चौकीदार?"

"शीतगृहाचा. आज तासभर साक्ष झाली त्याची."

"अण्णा, शुद्धीवर आहेस ना? तो चौकीदार मागच्याच भागात मेला. मी त्याच्यासाठी हळहळले सुद्धा."

"मेलेला माणूस आज शपथ घेऊन बोललाय, शैले."

"मग तुझ्या सरकार पक्षाला काहीही शक्य आहे."

दोघेही खूप हसले. पण हसणे ओसरल्यावर उमाकांतांच्या ध्यानात आले, की आता भांडायला काही उरलेले नाही. एकाच खटल्याच्या दोन बाजू लढवता येतात. दोन निराळ्या खटल्यांचे दोन वकील एकमेकांना फक्त माहिती देऊ शकतात.

उपाय शैलजानेच शोधला. डबीत 'जोड-पाहणी' नावाची सोय होती. दोन घरांनी संमती दिली आणि दोघे एकाच वेळी बसले, की यंत्र दोन्ही घरांच्या संशयाचे नकाशे एकत्र करी आणि दोघांना एकच कथा दाखवी. तिने पुतणीला बसवून ती जोड करून घेतली. गुरुवारी आठच्या ठोक्याला दोन्ही पडद्यांवर 'दोन्ही घरे हजर' अशी पाटी उमटे आणि मगच कथा सुरू होई. त्यासाठी शैलजाने आपली भजनाची बैठक बुधवारी नेली.

"बघ," ती म्हणाली, "आता वीज गेली तरी दोघांची एकदमच जाईल."

*

मिरजेजवळच्या एका शीतगृहात बेदाण्याचा व्यापारी गोठून मेला होता आणि खुनाचा आरोप शीतगृहाची तरुण व्यवस्थापक मनवा हिच्यावर होता, अशी ती कथा. मनवाविरुद्ध सरकारतर्फे सरंजामे नावाचे करारी वकील उभे होते. पहिले काही गुरुवार झकास गेले. सरंजाम्यांनी आक्षेप घेतला की उमाकांत टीव्हीसमोर मान डोलावत. शैलजा फोनवर त्यांना 'तुमचे ते सरंजामशाहीवाले' म्हणून चिडवी.

पण हळूहळू उमाकांतांना एक उणीव जाणवू लागली. वळण येई, ते त्यांना आधीच कळलेले असे.

कारण साधे होते आणि ते शैलजानेच एकदा गणिताच्या बाईच्या उत्साहाने समजावून सांगितले होते. एका माणसाला ज्यांचा संशय येत नाही, अशी चार-पाच पात्रे सापडतात. पण दोन माणसे घेतली, आणि तीही एक जन्मभर फिर्यादीच्या बाजूने विचार करणारा आणि दुसरी बचावाच्या, की दोघांनाही ज्यांचा संशय येत नाही अशी पात्रे जवळजवळ उरतच नाहीत. मग यंत्र मधला मार्ग काढते. कुणालाच पुरता धक्का बसत नाही.

"म्हणजे आपण दोघं मिळून त्या डबीला भारी पडलो की, अण्णा," ती खुशीत म्हणाली होती.

उमाकांत खूश नव्हते. जोड लागण्यापूर्वीच्या एका गुरुवारी त्या डबीने त्यांना पुरते चकवले होते आणि तो धक्का त्यांना विसरता येत नव्हता. वकिलीत त्यांचा लौकिक असा होता, की साक्षीदार पिंजऱ्यात चढतानाच ते त्याचे खोटे ओळखत. त्यांना कुणी फसवू शकत नसे, आणि निवृत्तीनंतर तर तसा प्रयत्नही कुणी करीत नव्हते. बाजारात त्यांना लोक वाकून नमस्कार करीत आणि पुढे जात. त्यांच्या बुद्धीशी गंभीरपणे झुंजणारे जगात काही उरले असेल, तर ती साबणाच्या वडीएवढी डबी.

एका गुरुवारी, आठ वाजायला थोडा अवकाश असताना, त्यांनी पडद्यावरचा 'स्वतंत्र पाहणी' हा पर्याय निवडला. एकदाच, असे त्यांनी मनाशी म्हटले. सुरेखाबाई भाजी निवडत शेजारीच बसल्या होत्या.

"शैलाताईंना सांगितलंत का?"

"त्यात काय सांगायचं? कथा जवळपास तीच असते."

"असं होय," सुरेखाबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या बाजूला करीत राहिल्या.

त्या दिवशी उमाकांत खुर्चीतून उठून उभे राहिले. मुनिमाची बायको, जी पहिल्या भागापासून साधी साक्षीदार म्हणून बाकावर बसत आली होती, तिच्या हातावर ऐन मे महिन्यात घडी घातलेला स्वेटर होता. प्रत्येक तारखेला होता. त्यांनी तो दर वेळी पाहिला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. मे महिन्यात स्वेटर त्यालाच लागतो, ज्याचे शीतगृहात जाणे-येणे असते.

"मूर्खासारखा बघत बसलो!" ते ओरडले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "सुरेखा, पुरावा माझ्या नाकासमोर होता!"

फोन लावताना मात्र त्यांचा हात जरा घुटमळला. नेहमीचे दोन संवाद झाले. मग ते म्हणाले, "आज तूच सांग आधी. कसं वाटलं?"

"सरकार पक्ष आधी बोलतो," शैलजा म्हणाली. "नियम मोडू नकोस."

त्यांनी स्वेटरचे सांगितले.

"हो," ती म्हणाली. "स्वेटर. मला पण नाही सुचलं बघ."

उमाकांतांना हायसे वाटले. म्हणजे यंत्राने दोघांना फिरवून एकाच जागी आणले होते! मग लपवण्यासारखे काही घडलेच नव्हते. पुढच्या गुरुवारीही त्यांनी स्वतंत्र पाहणीच निवडली, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी ते सांगत आणि शैलजा म्हणे, "हो ना", "मी पण दचकले", "तू म्हणतोस ते खरं आहे."

जन्मभर कोर्टात वावरलेल्या माणसाला हे आधीच खटकायला हवे होते. गरजेपेक्षा जास्त सहमत होणारा साक्षीदार पढवलेला असतो, हे त्यांनी कितीतरी कनिष्ठ वकिलांना शिकवले होते. पण दर आठवड्याला त्या डबीने दिलेला धक्का अंगात इतका मुरलेला असे, की फोन ही त्यांच्यासाठी केवळ तो पुन्हा एकदा सांगण्याची जागा झाली होती.

*

संशय आला तो अखेर पावसाळा सरता सरता. आला म्हणण्यापेक्षा, चाळवला. शैलजा हल्ली भांडत नव्हती. मनवाच्या सुटकेसाठी तिने एकही नवा मुद्दा काढला नव्हता. सुनावणीला धार राहिली नव्हती आणि उमाकांतांना तिची ती धार हवीहवीशी वाटू लागली होती. साधे विचारता आले असते, "शैला, तू बघतेस ना?" पण असा प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नव्हती. साक्षीदाराला सरळ विचारायचे नसते. त्याच्यापुढे एक खोटी गोष्ट खरी म्हणून ठेवायची आणि तो ती उचलतो का पाहायचे.

"शैला," त्या गुरुवारी ते सहज आवाजात म्हणाले, "न्यायाधीशांच्या हातून पाण्याचा पेला निसटून फुटला, तेव्हा मुनिमाच्या बायकोनं कुणाकडे पाहिलं, तुझ्या लक्षात आलं का?"

"आलं की."

"कुणाकडे?"

"सरंजाम्यांकडे."

"पेला पडला तो डाव्या बाजूला ना?"

"हो, डावीकडे. शिपाई धावला बघ लगेच."

उमाकांत खुर्चीत ताठ झाले. साक्षीदार ढासळतो त्या क्षणी जी एक गार, गोड लाट अंगातून जाई, ती कित्येक वर्षांनी पुन्हा गेली.

"पेला पडलाच नव्हता," ते म्हणाले. "पेला नव्हताच. साक्षीदार न पाहिलेलं सांगतो आहे. इतक्या गुरुवारांचं सगळं सगळं तू न पाहता सांगितलंस, शैले. हे तुला मान्य आहे काय?"

आवाजात विजय होता. तो त्यांना स्वतःलाही ऐकू आला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मान्य आहे," शैलजा म्हणाली. "झाली तुझी उलटतपासणी?"

"झाली."

"मग आता मी एक विचारू? जोड कुणी सोडली, अण्णा?"

उमाकांतांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाटी आली होती पडद्यावर," ती सांगू लागली. आवाज चढलेला नव्हता. वर्गात मुलांना उदाहरण समजावून देतानाचा तिचा आवाज असाच असे. "'दुसऱ्या घराने जोड सोडली आहे. यापुढे आपली पाहणी स्वतंत्र.' मोठी अक्षरं होती. चष्मा डोळ्यावर नव्हता तरी वाचता आली."

"अगं, मला माहीतच नव्हतं तिकडे असं काही दिसतं ते..."

"ते उत्तर नाही झालं. पण असू दे. मला वाटलं, फोनवर सांगशील. नाही सांगितलंस. म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगशील. मग म्हटलं, त्याला सांगायचं नसेल, तर कशाला विचारा? फोन तर येतोय ना."

"मग तू तुझी कथा का नाही सांगितलीस मला?"

"जोड सुटल्यावर एकच भाग पाहिला मी एकटीनं. त्यात काय झालं, सांगू? तुझे ते सरंजामे. त्यांनी मनवाच्या बाजूचा खरा साक्षीदार लपवून ठेवला होता. आतून फितूर होते. बाहेर सगळ्यांसमोर तसेच करारी, रुबाबात आक्षेप घेणारे. मला कुणाचाही संशय आला असता, अण्णा. न्यायाधीशांचा सुद्धा आला असता. सरकारी वकिलाचा कधी आला नसता. त्या डबीला तेवढं माझ्याबद्दल बरोबर कळलं. मी टीव्ही बंद केला, तो बंदच आहे. गुरुवारी आठ ते नऊ नुसती बसून असते, तुझा फोन येईपर्यंत. तू सांगायचास तीच माझी मालिका. चांगलं सांगायचास. स्वेटरचं तर फारच छान सांगितलंस."

उमाकांत काही म्हणायच्या आतच पलीकडून फोन ठेवला गेला होता.

सुरेखाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जिंकलात ना?" त्या म्हणाल्या. "मग तोंड का असं?"

*

पुढच्या गुरुवारी उमाकांतांनी जोडीची विनंती पाठवली. आठ वाजले, सव्वाआठ झाले. पडद्यावर 'दुसऱ्या घराकडून उत्तर नाही' एवढीच पाटी होती. त्यांनी फोन केला, तो तिच्या पुतणीने उचलला आणि काकू भजनाला गेली आहे असे सांगितले. भजन पुन्हा गुरुवारवर आले होते.

त्यांनी एकट्याने कथा पाहण्याचा प्रयत्न केला. डबी आपले काम निष्ठेने करीत होती. मुनिमाची बायको निर्दोष ठरली, मेलेला व्यापारी जिवंत निघाला, न्यायाधीशच त्याचा दुरावलेला मुलगा निघाला. उमाकांतांच्या छातीचे ठोके जागचे हलत नव्हते आणि ते हलावेत म्हणून यंत्र अधिकाधिक लांबची वळणे घेत होते. त्या केविलवाण्या धडपडीची त्यांना एकदा दयाच आली. त्याला माणसाचा श्वास मोजता येत होता. तो कशासाठी अडला आहे हे कळत नव्हते. आपण त्या यंत्राला दोष देऊ शकत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. त्याने दोघांना एकत्र बसवण्याची सोय दिली होती. तिच्यात रस कमी आहे, असे ठरवणारा माणूस निराळा होता.

उदगीरला स्वतः जावे, असे अनेकदा मनात आले. पण तिथे जाऊन ओसरीवर बसल्यावर बोलायचे काय? एकदा बॅग भरून झाली आणि पुन्हा रिकामी झाली. सुरेखाबाईंनी इस्त्रीचे कपडे मुकाट्याने कपाटात ठेवले. अखेर त्यांनी 'वेध' टीव्हीवरून उतरवला, त्याची तार गुंडाळली आणि तो जुन्या चष्म्यांच्या खणात टाकला.

दिवाळी गेली. भाऊबीजेला शैलजा आली नाही. तिच्या गुडघ्याचे दुखणे निघाले होते, असा निरोप आला. उमाकांतांनी साडी पाठवली, ती पोचल्याचेही कळले.

मग एका गुरुवारी, नऊच्या सुमारास, घरातला फोन वाजला. पडद्यावर शैलजाचे नाव होते. उमाकांतांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"आरोपीला गुन्हा कबूल आहे काय?" शैलजाने विचारले.

आजवर हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. तो वडिलांचा होता आणि वडिलांनंतर उमाकांतांचा. तिच्या आवाजात किंचित थरथर होती आणि थरथरीखाली जुना खोडकरपणा होता की नाही, हे त्यांना ठरवता येईना. पण इतके दिवस मनात साठून राहिलेले सगळे त्या एका प्रश्नापाशी धावत आले. आता तरी सरळ वागावे, तिच्यापुढे एकही पळवाट काढू नये, असे त्यांना वाटले. निदान एवढे तिचे देणे लागतो.

"कबूल आहे," ते म्हणाले. "सगळा कबूल आहे, शैला."

पलीकडून काहीच आले नाही.

त्या शांततेत उमाकांतांना आपले काय चुकले ते हळूहळू कळत गेले. फौजदारी न्यायालयात त्यांनी हे असंख्य वेळा पाहिले होते. आरोपीने गुन्हा कबूल केला, की साक्षीदार बोलावले जात नाहीत. पुरावा नोंदवला जात नाही. उलटतपासणी नाही, युक्तिवाद नाही. वकील कागद आवरतात आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा होतो. शैलजा इतक्या दिवसांनी फिर्याद घेऊन आली होती. ती सरकार पक्षात उभी राहिली होती आणि बचावाची बाजू तिने भावासाठी मोकळी ठेवली होती. त्यांनी फक्त "कबूल नाही" म्हणायचे होते. मग ती तुटून पडली असती, त्यांनी लंगडे बचाव मांडले असते, तिने ते एकेक करून उडवून लावले असते, आणि तासभर भांडून झाल्यावर दोघांना जे बोलायचे होते ते सगळे आपोआप बोलून झाले असते. तिला कबुली नको होती. तिला सुनावणी हवी होती.

"शैला," ते घाईने म्हणाले, "थांब. मी पुन्हा सांगतो. मला म्हणायचं होतं..."

"नाही, नाही. बरोबरच आहे तुझं," ती म्हणाली. आवाज मऊ होता. त्यात राग कुठेच नव्हता, आणि नेमके तेच त्यांना सोसवेना. "कबूल केल्यावर काय उरतं?"

तिच्या घरात मागे कुठेतरी नळ वाहत होता. तो तिने उठून बंद केल्याचे ऐकू आले. मग तिने विचारले,

"जेवलास का, अण्णा?"

इतक्या वर्षांच्या गुरुवारांत हा प्रश्न तिने कधीच विचारला नव्हता. तो सगळ्या घरांतल्या सगळ्या बहिणी विचारतात.

"जेवलो," उमाकांत म्हणाले. "तू?"

"मी पण. आमच्याकडे थंडी पडलीय जरा."

"इकडे पण," ते म्हणाले, आणि त्यानंतर काय बोलावे ते दोघांनाही सुचले नाही.